रिकाम्या खोलीचा आवाज

११ जानेवारी

आज क्लासात नाव घातलं. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे 'व्हिडिओ एडिटिंग, अगदी पहिल्यापासून' अशी पाटी आहे. शिकवणारी मुलगी आमच्या बयोपेक्षाही लहान. मला बघून म्हणाली, "आजी, नातवाचं नाव घालायचंय का?" म्हटलं, "आजी असेन माझ्या नातीची. इथे मी विद्यार्थिनी आहे. काकू म्हण." पोरगी गोरीमोरी झाली. मी तिचं नाव मास्तरीण ठेवलं.

कशासाठी शिकायचंय, विचारलं तिनं. सांगून टाकलं. मुलगी, आमची बयो, गेली गेल्या वर्षी. तिचे व्हिडिओ आहेत ढीगभर. ते नीट लावून एक फिल्म करायची आहे, नातीसाठी. ठकी चार वर्षांची आहे. आज तिला आई आठवते, पण एवढ्याशा पोराला किती दिवस आठवणार? पुढच्या महिन्याअखेर तिचा बाप तिला घेऊन लांब जाणार, नव्या नोकरीवर. त्याच्या आत फिल्म तिच्या हातात पडायला हवी.

एक गोष्ट मास्तरणीला सांगितली नाही, ती इथे लिहिते. फिल्ममध्ये बयो असेल, ठकी असेल. तो नसेल. त्याचा आवाजसुद्धा नसेल.

१५ जानेवारी

काल रविवार. तो ठकीला सोडायला आला. जिन्याच्या तोंडाशी तिचा हात सोडला, ती धडपडत वर आली, आणि तो रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसला. संध्याकाळी ती उतरेपर्यंत तिथेच बसतो, थंडी असो की वारा. बसू दे. जावई असला म्हणून काय झालं? वर्षभर त्याला उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही आणि घेणार नाही.

बयो आठ महिने आजारी होती आणि या माणसाने आम्हाला कळवलं नाही. फोनवर नुसतं, "बरी आहे, जरा थकलीय." बयोही तेच म्हणायची, पण तिला कुणी शिकवलं असणार? शेवटच्या आठवड्यात बोलावलं आम्हाला. पोचलो तेव्हा ती बघत होती, ओळखत होती, पण बोलणं संपलं होतं. मी आई आहे तिची. मला बोलायचं होतं तिच्याशी. विचारलं त्याला, का रे असं केलंस? मान खाली. मूग गिळून बसला तो आजतागायत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

व्हिडिओंची डिस्क त्यानेच ठकीच्या पिशवीतून पाठवली. हे म्हणाले, "त्यानं काहीच बघितलेलं नाही. बघवत नाही म्हणाला. आईंना हवं ते घेऊ दे म्हणाला." मी विचारलं, "तुम्हाला कधी भेटला?" तर म्हणे, "जिन्यात."

यांचा रविवारचा फेरफटका फार वाढलाय. चहाचा थर्मास भरून नेतात आणि रिकामा आणतात. एकट्या माणसाला एवढा चहा! पित्त उसळलं की कळेल.

१८ जानेवारी

आजचा धडा ऐकून मी चाटच पडले. पूर्वी म्हणे फिल्म खरंच ब्लेडने कापायचे आणि चिकटवायचे. आता कापलं तरी काही कापलं जात नाही. फाईल तिच्या जागी आहे तशी राहते. आपल्यासमोर खाली जी लांब पट्टी असते, टाइमलाइन म्हणतात तिला, ती म्हणजे नुसती सांगकाम्याला दिलेली सूचना. ही फाईल इथून इथपर्यंत दाखव, मग ती दुसरी दाखव. शेवटचं पुढे घ्या, पुढचं मधे घाला, मूळ फाईलला ओरखडा उठत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे कापड न कापता झगा?"

"हो काकू. आणि नाही आवडलं तर तुकड्याचं टोक धरून ओढायचं. कापलेलं परत येतं."

जन्म गेला माझा कात्री चालवण्यात. आमच्यात एकदा कात्री फिरली की फिरली, मग गिऱ्हाइकाच्या शिव्या खा. इथे सगळाच आनंद आहे. मास्तरीण म्हणाली, तुकडा घेताना दोन्ही टोकांना थोडं जास्त असू द्यावं, पुढे लागतं. तेवढं मला शिकवायला नको. पोरींच्या झग्याला शिवणीत माया सोडतोच की आम्ही.

माझ्या शेजारी एक फोटोग्राफर बसतो. प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये चांदण्या उडवतो. मास्तरीण त्याला म्हणाली, साधा कट शिका आधी. मी म्हटलं, "असू दे गं, नव्याचे नऊ दिवस." तो माझ्याशी बोलत नाही आता.

२३ जानेवारी

आज जीवच गेला होता माझा. सकाळी लॅपटॉप उघडला, प्रोजेक्ट उघडला, आणि बयो नाही! पट्टीवरचे सगळे तुकडे लाल. वर चौकोनात जिथे तिचा चेहरा असायचा तिथे लाल पाटी, 'फाईल सापडत नाही'. हा तुकडा बघ, तो तुकडा बघ, सगळीकडे तेच. मी ओरडले. हे धावत आले आणि म्हणाले, "वीज गेली असेल." जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, यांच्या लेखी कुठलीही गोष्ट बिघडली की वीजच गेलेली असते.

लॅपटॉप काखेत मारून क्लासात गेले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात यांची. मास्तरणीने विचारलं, "फोल्डर हलवलंत? नाव बदललंत?"

बदललं होतं. त्याने फोल्डरला नाव दिलं होतं 'आम्ही'. मला ते डोळ्यांत खुपायचं. काल पुसून 'बयो' केलं.

"मग बरोबर आहे," मास्तरीण म्हणाली. "प्रोजेक्टमध्ये चित्र नसतंच काकू, नुसता पत्ता असतो. तुम्ही पत्ता बदललात, तो जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतोय. ती कुठेही गेलेली नाही."

तिने जुनं नाव परत टाकलं. आणि बयो आली. खिडकीत उभी राहून टॉवेल झटकत होती. मी सगळ्या वर्गासमोर हमसून हमसून रडले. चांदण्यावाल्या फोटोग्राफरने उठून पाणी आणून दिलं. तसा वाईट नाही तो.

फोल्डरचं नाव 'आम्ही'च राहिलंय. हात लावायची भीती वाटते आता.

२७ जानेवारी

हात बसतोय. गिऱ्हाइकांचे कपडे सकाळी उरकते, दुपारी लॅपटॉप.

पट्टीला दोन मजले असतात, वर चित्र, खाली आवाज. आवाज डोळ्यांनी दिसतो, हे मला फार आवडलं. कुणी बोललं की रेघ फुगते. बयो कॅमेऱ्यापासून लांब, म्हणून तिची रेघ बारीक, दोऱ्याला गाठी पडाव्यात तशी. तो कॅमेऱ्यामागे, माइकला चिकटलेला, म्हणून त्याची जाडजूड. म्हणजे त्याला ऐकायचीसुद्धा गरज नाही! जाड फुगवटा दिसला की त्याच्या अलीकडे कात्री. त्याने तोंड उघडलं की तो तुकडा माझ्यापुरता संपला. पुढे काय आहे ते बघायलाही जात नाही. तुकड्यांना तोटा नाही.

काही ठिकाणी मात्र बयो काहीतरी रंगवून सांगत असते आणि तो मध्येच 'हं' करतो, नाहीतर हसतो. तिथे चित्र ठेवलं आणि खालचा आवाज तेवढा कापला. मास्तरणीने चित्राची आणि आवाजाची गाठ कशी सोडवायची ते दाखवलंय.

आणि बयो काय बघते माझ्याकडे! सरळ डोळ्यांत. केस गेलेले, गालाची हाडं वर आलेली, आणि डोळ्यांत इतकी मस्ती की लहानपणी शाळा बुडवून यायची तेव्हाची आठवण यावी. "ए, पुरे ना, किती काढशील!" म्हणते आणि तोंडावर उशी घेते. मी म्हणते, राहू दे गं, अजून थोडं. ती उशी खाली करून परत बघते. आजची सगळी दुपार आम्ही दोघी अशा बसलो होतो.

२९ जानेवारी

काल ठकी जेवताना म्हणाली, "बाबा झोपला की किटली वाजते." बघा! गॅसवर किटली चढवून झोपतो हा माणूस. पोरीला एखाद दिवशी जाळेल आणि मग मान खाली घालून उभा राहील. मी यांना म्हटलं, सांगा त्याला. हे खो-खो हसले. यात हसण्यासारखं काय होतं?

१ फेब्रुवारी

भोकं पडली आहेत. जिथे जिथे त्याचा आवाज कापला तिथे. बयो बोलायची थांबते, हसून कुणाचंतरी ऐकत असते, आणि खाली काहीच नाही. साधी शांतता नाही, ठार काही नाही. कानांना दडे बसल्यासारखं होतं. बाकी सगळा वेळ ती जिवंत असते, आणि तेवढ्या क्षणी गेलेली वाटते. अंगावर सर्रकन काटा येतो. मी तीन वेळा लॅपटॉप मिटला आज.

मास्तरणीला दाखवलं. ती म्हणाली, "कुठलीच खोली कधी गप्प नसते काकू. सगळे गप्प बसा बरं जरा." आम्ही गप्प बसलो. खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. भिंतीतल्या पाइपातून पाणी गेलं. कुणाचंतरी पोट वाजलं. "हा या खोलीचा आवाज," ती म्हणाली. "शूटिंग झालं की सगळ्यांना अर्धं मिनिट असंच बसवतात आणि नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवतात. मग भोकं पडली की ती शांतता खाली अंथरायची, अस्तरासारखी. सगळं एकसंध वाटतं."

बयोच्या खोलीची अशी शांतता मला शोधायला हवी. जिथे कुणीच बोलत नाही अशी.

३ फेब्रुवारी

सापडली. एका लांबलचक तुकड्यात बराच वेळ रेघ सपाट होती. उघडला तर पिवळा पडदा. मीच शिवून पाठवला होता तिच्या खोलीसाठी. दुपारचं ऊन, पडदा जरासा हलतोय, माणूस कुणी नाही. कॅमेरा स्टुलावर टेकवला असणार आणि बंद करायचा राहिला असणार. बराच पुढे त्याचा जाड फुगवटा होता, तिथे नेहमीप्रमाणे कात्री मारली. अलीकडचं सगळं माझं.

कानाला हेडफोन लावला, आवाज वाढवला. रस्ता ऐकू आला लांबचा. पडद्याच्या कड्या दांडीवर घासत होत्या. आणि मग कुणीतरी श्वास घेतला.

मी मागे वळून बघितलं. हे बाहेर गेले होते. घरात कुणी नव्हतं. परत लावलं. श्वास आत, जराशी बारीक शिट्टी, श्वास बाहेर. अगदी जवळ, कानाच्या पाळीशी. बयोच. तिला सर्दी झाली की नाक असंच वाजायचं, मी मांडीवर घेऊन शेक द्यायची. ती तिथे पलंगावर पडलेली असणार, चौकटीच्या बाहेर. दिसत नाही एवढंच.

सगळ्या भोकांखाली तो तुकडा अंथरला. लहान होता तिथे पुन्हा पुन्हा जोडला. आता ती थांबते आणि हसून बघते तेव्हा खाली तिचा श्वास चालू असतो. काटा नाही येत आता.

८ फेब्रुवारी

तो श्वास मी आता शिवतानाही लावून ठेवते. मोठ्या स्पीकरवर. मशीन थांबलं की खोलीत तो असतो. गिऱ्हाईक आलं की बंद करते, लोक वेडी म्हणतील. पण खोटं कशाला लिहू, मला बरं वाटतं. कधी कधी बंद केल्यावरही ऐकू येतो, दाराजवळ, कपाटामागे. मी दचकत नाही. "ये, बस" म्हणते.

आज हे चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. बराच वेळ ऐकत होते. "अगं, हा तर..." म्हणाले आणि थांबले.

"हा तर काय?"

"काही नाही. पंखा लाव जरा."

थंडीत पंखा! मग जाताना पुटपुटले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." कुणाला म्हणाले देव जाणे.

१२ फेब्रुवारी

फिल्म जवळजवळ झाली. दुधाने तोंड पोळलंय, म्हणून दर दोन मिनिटांनी सेव्ह करते. मास्तरणीने आज एक गंमत शिकवली. पुढच्या दृश्याचा आवाज आधी येऊ द्यायचा आणि चित्र मागून. दाराबाहेर कुणाचीतरी चाहूल लागावी आणि मग माणूस दिसावा तसं. दोन ठिकाणी केलं, फार छान वाटलं.

मग तिने फिल्म सुरुवातीपासून बघितली. चष्मा काढून पुसला. म्हणाली, "सफाईदार झालंय काकू. पण ती बोलतेय कुणाशी?"

"माझ्याशी."

"तसं नाही. तिथे कुणीतरी होतं ना? ती त्या माणसाकडे बघतेय. त्याच्या आवाजावर हसतेय. त्याला काढलंत, पण ती बघायची थांबत नाही."

मी म्हटलं, "तू तांत्रिक तेवढं सांग." तिने चष्मा परत चढवला. मला उगाच जोरात बोलल्यासारखं झालं. आपण काय कापतोय ते मला माहीत आहे. कुणाला न विचारता माझं पोर घेऊन बसला होता तो आठ महिने. आता मी घेतलंय अर्धा तास, तर लगेच सगळ्यांना कळवळा.

१८ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट, क्रमाने लिहायला हवं.

रविवार. तो ठकीला जिन्याशी सोडून बाकावर गेला. मी पडदे ओढले, लॅपटॉप टेबलावर ठेवला, स्पीकर लावले. ठकी यांच्या मांडीवर. फिल्म सुरू झाली. बयो आली, टॉवेल झटकला, ठकीला न्हाऊ घातलं, भिंतीवर हाताच्या सावलीचं कुत्रं केलं. ठकी टाळ्या पिटत होती. मग तो तुकडा आला, ती बोलता बोलता थांबून हसते तो. खाली श्वास. शिट्टी. श्वास.

ठकी ताठ बसली. "किटली!" म्हणाली.

"कसली किटली गं?"

ती यांच्या मांडीवरून उतरली आणि लॅपटॉपच्या मागे जाऊन बघून आली. टेबलाखाली बघितलं. पडद्यामागे बघितलं. "बाबा, ये बाहेर! मी ओळखलं!"

"बाबा खाली आहे सोन्या, बाकावर."

"नाही. इथे आहे. झोपलाय तो." आणि ओठांवर बोट ठेवून मला म्हणाली, "आजी, हळू बोल."

मी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. म्हणाले, "हो गं. नाक वाजतं त्याचं. बाकावर डुलकी लागली की ऐकतो ना मी."

म्हणजे थर्मास तिथे जात होता. वर्षभर.

आणि मी? मी कुणाचा श्वास लावून शिवत बसले होते? कुणाला "ये, बस" म्हणत होते? माझ्या घरात मी न घेतलेला माणूस दोन आठवडे माझ्या मशीनशेजारी श्वास घेत होता, आणि मीच त्याला प्रत्येक भोकाखाली अंथरला होता. फिल्ममध्ये एक क्षण असा राहिला नव्हता जिथे तो नाही. आधी संताप आला. हे सगळं पुसून टाकीन, असं वाटलं. तो पिवळ्या पडद्याचा तुकडा पुसायला म्हणून उघडला आणि तिथे त्याचं कापलेलं टोक दिसलं.

मास्तरणीचा पहिला धडा. टोक धरून ओढायचं.

का ओढलं ते मला सांगता येणार नाही. हेडफोन लावला आणि ओढलं. पडदा हलत होता. मग तो जाड फुगवटा, त्याचा आवाज. इतका थकलेला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आईंना कळवूया आता. मला रोज खोटं नाही बोलवत."

मग बारीक रेघ. पलंगावरून. बयो.

"नको."

"त्या मला कधीच माफ करणार नाहीत."

"नाहीच करणार. आमची आई चिडली की तीन पिढ्या बोलत नाही." ती हसली, हसताना खोकली. "ऐक ना. तिला कळलं की ती मशीन टाकून धावत येईल. इथे उशाशी बसेल आणि माझ्याकडे बघेल. आणि मग मला तिच्या तोंडावर सगळं दिसेल. ते नाही बघायचं मला. फोन केला की मागे तिचं मशीन वाजत असतं ना, तेवढं हवंय मला. ते वाजतंय तोवर मी बरी आहे असं वाटतं."

श्वास, शिट्टी.

"आणि मी नको म्हटलं होतं हे तिला सांगायचं नाही हं. लागेल तिला."

"मग मी काय सांगू?"

"काही नको सांगूस. शिव्या खा."

"बरं," तो म्हणाला.

मग नुसता पडदा, शेवटपर्यंत.

मी बयोला दर फोनवर म्हणायचे, थांब गं, मशीन बंद करते, नीट ऐकू येईल. ती म्हणायची, राहू दे, तुझं काम चालू दे. मला वाटायचं, किती समजूतदार पोर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझ्यासाठीच आहे. महिनाभर तो तुकडा माझ्या हातात होता.

खाली उतरले तेव्हा पायात काही नव्हतं. तो बाकावर बसला होता, हात कोटाच्या खिशात, मान छातीवर. जवळ गेले आणि ऐकू आली, ती शिट्टी. त्याने डोळे उघडले, मला बघितलं आणि घाबरून उभा राहिला. "ठकीला काही झालं का?"

"नाही." मग म्हटलं, "पिवळ्या पडद्याचं ऐकलं मी. तू कॅमेरा बंद करायचा विसरला होतास."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "आई, तिनं मला..."

"ते पण ऐकलं. वर चल."

"मी इथे बरा आहे."

"मी बरी नाही," म्हटलं. "वर चल, बाबा. थंडी वाजतेय मला."

जिना चढताना मी पुढे होते आणि तो मागे. मागे वळून बघितलं नाही. श्वास ऐकू येत होता, तेवढं पुरे होतं.

२६ फेब्रुवारी

आठवडाभर फिल्म पुन्हा केली. कापलेली सगळी टोकं ओढून आणली. त्याचं 'हं', त्याचं हसणं, "उशी काढ ना तोंडावरची" म्हणणं. पडद्याचं बोलणं मात्र फिल्ममध्ये घातलं नाही. ते ठकी मोठी झाली की तिचा बाप ठरवेल. मास्तरणीला दाखवली. तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "काकू, दोन ठिकाणी सेव्ह करून ठेवा."

उद्या ते दोघं जाणार. आज जेवायला होते. ताटं उचलल्यावर मी म्हटलं, सगळे गप्प बसा, खोलीचा आवाज घ्यायचाय. फोन टेबलावर ठेवला. ठकीला सांगितलं, हलायचं नाही. हे म्हणाले, "वीज गेली तर?" त्यांना गप्प केलं.

तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आई, मशीन चालू ठेवा ना. तिला तसंच ऐकू यायचं."

मी मशीनवर बसले. समोर एका गिऱ्हाइकाची पँट होती, तीच सरकवली सुईखाली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, शिलाई कुठे गेली देव जाणे. नळ ठिबकत होता. ठकीला हसू आवरेना, तिनं तोंडावर यांचा हात दाबून धरला होता. मशीन थांबलं तेव्हा भिंतीला टेकून त्याचा डोळा लागला होता आणि किटली वाजत होती. कुणीच उठवलं नाही त्याला.

उद्या त्यांना निरोप देताना मी रडणार आहे, आधीच लिहून ठेवते.

२ मार्च

ती पँट उसवून आज पुन्हा शिवली. शिवताना परवाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. मशीन, त्याच्या आत दुसरं मशीन, ठकीचं दाबलेलं हसू, नळ, शिट्टी.

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "दोन दोन मशीन काय वाजवतेस? बंद कर की एक."

म्हटलं, "राहू दे. माणसं आहेत घरात."